इमारत पडली की सिमेंटवर बोट, पण रिकामी बॅग जपली कोणी?

पेरलेलं सोयाबीन उगवलं नाही तर आपण काय करतो? बियाण्याची पिशवी शोधतो. तिच्यावरचा टॅग आणि लॉट नंबर पाहतो, कृषी केंद्राची पावती काढतो आणि कृषी विभागाकडे अर्ज देतो. समिती शेतावर येते, पंचनामा होतो. भरपाई मिळेल की नाही तो पुढचा भाग, पण आपल्या हातात पुरावा असतो. वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातला शेतकरी हे करतो, कारण अनुभवानं शहाणा झालाय.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या घराच्या स्लॅबला जे सिमेंट लागलं त्याच्या बॅगेवर कोणता आठवडा आणि कोणतं वर्ष छापलं होतं? पक्की पावती आहे का घरात? स्लॅबच्या दिवशी मालाचा नमुना कोणी काढून ठेवला होता का?

नाही ना? माझ्याकडेही नाही.

माझ्याच घराचं सांगतो. मे महिन्यात स्लॅब टाकला होता. विहीर आटलेली, पाणी टँकरचं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, माल घट्ट हाये, अजून पाणी टाका, फिरत नाई." टाकलं. स्लॅबवर चार दिवस पाणी मारलं, पाचव्या दिवशी टँकर आला नाही आणि तिथंच काम थांबलं. दहा-बारा वर्षं काही वाटलं नाही. मागच्या पावसाळ्यात रात्री छताचा ताटाएवढा खपला निघाला आणि माय झोपते त्या खाटेपासून दोन हातांवर पडला. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "सिमेंटच बोगस होतं."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका इंजिनिअरनं तो खपला हातात घेतला. सळईचा गंज दाखवला, मालातली पोकळी दाखवली, आणि सळईखाली अर्धा इंचही माल नव्हता तेही दाखवलं. सिमेंट खराब होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "असेलही. आता सांगायचं कशावरून?" रिकाम्या बॅगा शिवून मी केव्हाच कुटारावर झाकायला वापरल्या होत्या.

या लेखात सांगायचं ते एवढंच. कुठं काही कोसळलं की "निकृष्ट सिमेंट" हा शब्द लगेच येतो. तो कधी खरा असतो, कधी अर्धा खरा. पण पुरावा नसला की या एका शब्दाआड ठेकेदार, मिस्त्री, मंजुरी देणारा, तपासणारा आणि घरमालक असे सगळेच लपतात.

पडलेल्या इमारती काय सांगतात

रायगड जिल्ह्यातलं महाड आठवा. २४ ऑगस्ट २०२०, सोमवारची संध्याकाळ. तारिक गार्डन नावाची पाच मजली इमारत खाली बसली. १६ माणसं गेली. चार वर्षांच्या एका मुलाला दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, ते दृश्य साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. ही काही जुनी पडकी इमारत नव्हती, तिला दहा वर्षंही झाली नव्हती. बांधकामाच्या दर्जावर प्रश्न आले आणि पोलिसांनी बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेत काम केलेल्या अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल केला. या यादीत सिमेंटचा दुकानदार नाही, हे लक्षात घ्या.

त्याआधी ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ मुंब्रा-शीळफाटा भागात लकी कंपाऊंडमधली इमारत पडली आणि ७४ जीव गेले. बांधकाम बेकायदा होतं आणि काही महिन्यांत घाईनं उभं केलं होतं. वरचा मजला चढत होता आणि खाली कुटुंबं राहत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग मध्यरात्री कोसळला, १७ जण गेले. तीही अनधिकृत होती.

हे शहरातलं झालं, आपल्याकडे कुठं पाच मजली इमारती, असं कोणी म्हणेल. तर २१ ऑगस्ट २०१७ ला अहमदनगर जिल्ह्यात निंबोडी गावी जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत पावसात कोसळलं आणि तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेत सात मुलं गेली. वरून खडे पडताहेत असं मुलांनी आधी सांगितलं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.

या सगळ्या घटनांची कारणं एकसारखी नाहीत. कुठं बेकायदा मजले, कुठं जुनं झालेलं छत, कुठं पाण्यानं सडलेलं बांधकाम. एकट्या सिमेंटवर खापर फोडता येईल अशी त्यातली एकही मला दिसत नाही. पण सिमेंटचा प्रश्न खोटा आहे असंही नाही. म्हणून आधी बॅगेपासून सुरुवात करू.

बॅगेवर लिहिलेलं वाचा

चुनखडी आणि मातीचं मिश्रण साधारण १४५० अंश उष्णतेवर भाजून क्लिंकर करतात. तो जिप्समसोबत दळला की सिमेंट होतं. आपल्या विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यात याचे मोठे कारखाने आहेत.

बाजारात दोन प्रकार जास्त चालतात. ओपीसी म्हणजे साधं सिमेंट, त्यावर ४३ किंवा ५३ ग्रेड लिहिलेली असते. पीपीसी म्हणजे ज्यात औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेली असते. "राख मिसळली म्हणजे भेसळ" हा समज चुकीचा आहे. भारतीय मानकानुसार पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख चालते आणि ते घराला चांगलं असतं. फक्त ते ताकद हळू धरतं, म्हणून त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं.

५३ ग्रेड म्हणजे सिमेंट आणि प्रमाणित रेतीचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटन भार सहन करतो. साध्या भाषेत, दर चौरस सेंटीमीटरला साधारण ५४० किलो. पण ही ताकद प्रयोगशाळेतल्या ठोकळ्याची आहे, तुमच्या स्लॅबची नाही. ५३ नंबरचं आणलं म्हणून घर ५३ नंबरी होत नाही.

सिमेंटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. बॅगेवर मार्कच्या जवळ 'सीएम/एल' असं लिहून एक नंबर असतो. तो कारखान्याचा परवाना नंबर. 'बीआयएस केअर' हे भारतीय मानक ब्युरोचं ॲप मोबाइलवर घ्या, त्यात तो नंबर टाका. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे का ते समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे. याच ॲपवर तक्रारही करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मग बोगस सिमेंट येतं कुठून? मुदत गेलेलं, गोटे झालेलं सिमेंट फोडून, चाळून नामांकित कंपनीच्या जुन्या बॅगांमध्ये पुन्हा भरायचं, किंवा चांगल्या सिमेंटमध्ये राख नाहीतर दगडाची भुकटी ढकलायची, असे धंदे आहेत आणि वेगवेगळ्या राज्यांत त्यावर पोलिसांचे छापे पडलेले आहेत. बॅगेचं तोंड हातानं शिवलेलं दिसलं, छपाई पुसट असली, वजन ५० किलोपेक्षा कमी भरलं किंवा भाव बाजारापेक्षा फारच कमी सांगितला तर थांबा. रिकाम्या बॅगा चांगल्या किमतीला मागणारा कोणी गावात फिरत असेल तर तोही विचार करण्याचा विषय आहे.

एक जुनी आठवणही सांगतो. एकेकाळी सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ च्या जानेवारीत सिमेंट वाटपाच्या प्रकरणात हायकोर्टाच्या निकालानंतर मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला होता. फौजदारी खटला त्यानंतर बरीच वर्षं चालला. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण १९८९ मध्ये पूर्ण उठलं. तेव्हा सिमेंट मिळणं हाच प्रश्न होता. आज ते मोठ्या गावच्या चौकात मिळतं. प्रश्न आता त्याच्या वयाचा आणि वापराचा आहे.

चांगलं सिमेंटही म्हातारं होतं

सिमेंट हवेतली ओल शोषतं. साध्या साठवणुकीत तीन महिन्यांत त्याची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते, सहा महिन्यांत तिसरा हिस्सा जाऊ शकते, असा बांधकामातला ढोबळ अंदाज आहे. कारखान्यातून चांगलं निघालेलं सिमेंट गोदामात किंवा आपल्याच पडवीत म्हातारं होऊ शकतं.

घरकुलाचा हप्ता अडकतो, काम थांबतं आणि बॅगा तशाच पडून राहतात. आपल्याकडे हे नेहमी होतं. पावसाळाभर भिंतीला टेकून ठेवलेली बॅग दिवाळीनंतर स्लॅबला वापरू नका. गोटे झाले असतील तर ते फोडून चाळूनही स्लॅब-कॉलमला घेऊ नका. बॅगा ठेवायच्या तर खाली फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर, दहापेक्षा जास्त थर नाही आणि वरून ताडपत्री.

बॅगेत हात घातला तर थंड लागलं पाहिजे, चिमटीत पिठासारखं मऊ वाटलं पाहिजे, गोटे नसले पाहिजेत. या घरगुती परीक्षेतून ओल धरलेलं सिमेंट ओळखू येतं. ताकद मात्र कळत नाही. ती ठोकळ्यानंच कळते, त्यावर पुढे येतो.

बॅग फोडल्यानंतरचे गुन्हे

फवारणीच्या पंपात औषधाचं माप ठरलेलं असतं. तेवढंच औषध दुप्पट पाण्यात टाकलं तर अळी मरत नाही आणि आपण म्हणतो औषध बोगस. काँक्रीटचंही तसंच आहे.

स्लॅब, बीम, कॉलमला किमान एम-२० ताकदीचं काँक्रीट पाहिजे, असं आयएस ४५६ हे मानक सांगतं. साध्या मापानं ते करायचं तर ५० किलोच्या एका बॅगेला रेती आणि गिट्टी मिळून २५० किलो, आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर. रेती ओली असेल तर पाणी त्याहून कमी. आपल्याकडे पाणी कोण मोजतं? पाइप मिक्सरमध्ये सोडलेला असतो. बॅगेला २५ लिटर पाणी लागत असताना ३५ लिटर टाकलं तर तयार मालाची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटू शकते. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. माल सोपा फिरतो, मजुराचे हात वाचतात, घराची ताकद जाते.

दुसरा विषय रेतीचा. घाटाचे लिलाव लांबतात, रेती महाग होते, मग नाल्यातली मातकट रेती येते किंवा क्रशरची चुरी. चुरी वाईटच असते असं नाही. पण तिच्यात नुसती धूळ असेल तर सिमेंट त्या धुळीलाच लागून संपतं. काचेच्या बाटलीत अर्धी रेती भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर खालच्या रेतीच्या आठ टक्क्यांहून जास्त, म्हणजे दहा सेंटीमीटर रेतीवर आठ मिलिमीटरहून जाड असेल तर ती रेती धुतल्याशिवाय घेऊ नका. पाण्याचंही तसंच. जे पिता येतं तेच मालात टाका. शेजारच्या अकोला जिल्ह्यात खारपाणपट्टा आहे, तिथं खारं पाणी मालात गेलं की सळई लवकर गंजते.

तिसरा विषय मिक्सर चालू झाल्यानंतरचा. माल बसायला अर्ध्या तासानंतर कधीही सुरुवात होऊ शकते. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेला माल पुन्हा पाणी टाकून फिरवणं म्हणजे फुटलेलं दूध विरजायला ठेवणं.

चौथा विषय सगळ्यात मोठा, आणि तो आपल्या हवामानाशी जोडलेला आहे. आपल्याकडे बांधकाम उन्हाळ्यात होतं. शेतीची कामं नसतात, पैसा हातात असतो, लग्नाआधी खोली काढायची असते. पण एप्रिल-मे मध्येच वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, सगळीकडे पाण्याची ओरड असते. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, आणि ती क्रिया आठवडे चालते. पाणी तोडलं की ताकद तिथंच थांबते. कोरड्या, गरम हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि पीपीसीला १४ दिवस ओल राखावी, असं मानक सांगतं. आपण पीपीसी वापरतो आणि चार-पाच दिवसांत थांबतो. कारखान्यानं ५० किलोचे पूर्ण पैसे घेऊन दिलेली ताकद आपणच उन्हात उडवून देतो.

पाणी कमी असेल तर स्लॅबवर आळी बांधून त्यात पाणी साठवा, कॉलमला ओलं पोतं गुंडाळा, वर प्लास्टिक झाका. टँकरचं पाणी जास्त दिवस पुरतं. आणि पाण्याची सोयच नसेल तर स्लॅब दिवाळीनंतर टाका. लग्न जुन्या घरातही होतं.

पाचवं म्हणजे टेकू. सेंट्रिंगचं भाडं वाचवायला टेकू लवकर काढतात. पंधरा फुटांपर्यंतच्या स्लॅबखाली किमान सात दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीमखाली १४ ते २१ दिवस टेकू राहिले पाहिजेत. पीपीसी असेल तर आणखी थोडे.

आणि गंज. सळईखाली स्लॅबमध्ये किमान २० मिलिमीटर माल पाहिजे. त्यासाठी सिमेंटचे छोटे ठोकळे सळईखाली ठेवतात. ते नसले तर सळई पाटीला टेकते. छिद्रांतून पाणी आणि हवा सळईपर्यंत जाते, सळई गंजते, गंज फुगतो आणि खालचा माल ढकलून पाडतो. माझ्या घरचा खपला असाच पडला.

या सगळ्याच्या खाली आपली काळी जमीन आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावरच पाया ठेवला तर वर कितीही चांगलं सिमेंट वापरा, भिंत तिरपी तडकणारच. पाया काळी माती पार करून मुरमापर्यंत गेला पाहिजे.

फोटोत भिंत दिसते, ताकद दिसत नाही

तपासतं कोण, हा खरा प्रश्न आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. हप्ता सोडताना टप्प्याटप्प्याचा फोटो काढतात, ठिकाणासह. पाया झाला, भिंती झाल्या, छत झालं. फोटोवरून काम किती झालं ते कळतं, कसं झालं ते कळत नाही. हप्त्याच्या घाईत टाकलेला स्लॅब फोटोत अगदी छान दिसतो.

शाळाखोली, अंगणवाडी, ग्रामपंचायत भवन, पाण्याची टाकी ही कामं ठेकेदाराची. तिथं कागदावर तपासणी असते. काँक्रीटचे ठोकळे तपासल्याचा अहवाल फाइलमध्ये लागतो. प्रश्न एवढाच की तो ठोकळा त्याच स्लॅबच्या मालाचा होता का. गावात कोणालाही विचारा, स्लॅबच्या दिवशी ठोकळे भरताना पाहिले का? बहुतेक जण विचारतील, ठोकळे म्हणजे काय.

ठोकळा म्हणजे १५ सेंटीमीटर लांबी-रुंदी-उंचीचा लोखंडी साचा. मिक्सरमधून निघालेला माल त्यात तीन थरांत ठासून भरतात, दुसऱ्या दिवशी साचा सोडून ठोकळा पाण्यात ठेवतात आणि सात व २८ दिवसांनी यंत्रात दाबतात. एम-२० चा ठोकळा २८ दिवसांनी साधारण ४५ टन भाराला टिकला पाहिजे.

आपल्या घराला हे परवडतं का? हिशोब करा. ६०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे सात घनमीटर काँक्रीट, सिमेंट साधारण ५५ बॅगा. मानकाप्रमाणे एवढ्या मालाला दोन नमुने, म्हणजे सहा ठोकळे पुरतात. अभियांत्रिकी महाविद्यालयं, तंत्रनिकेतनं आणि खासगी प्रयोगशाळा फी घेऊन अशी तपासणी करतात. ५५ पैकी दहा बॅगा कोणी चोरल्या तर बॅगेला साडेतीनशे धरून त्याचे साडेतीन हजार वाचतात. त्या साडेतीन हजारांत कोणाची तरी माय झोपलेली असते.

सार्वजनिक कामासाठी तर कायदाच हातात आहे. माहिती अधिकार कायदा २००५ फक्त कागदाच्या नकला मागण्यासाठी नाही. त्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही दिलेला आहे. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. शाळाखोलीचं काम चालू असतानाच अर्ज करा. अंदाजपत्रक मागा, ठोकळ्यांचे अहवाल मागा, सिमेंट खरेदीच्या पावत्या मागा, पाहणीची तारीख मागा. दोष निघाल्यास ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षांची आहे तेही विचारा. फीत कापून झाल्यावर अर्ज करण्यात फारसा अर्थ नाही.

आधी भेग बोलते

बांगलादेशात सावर इथं २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही इमारत पडली आणि ११०० हून जास्त कामगार गेले. आदल्या दिवशी भिंतीला मोठ्या भेगा दिसल्या होत्या. त्याच इमारतीतल्या बँकेनं आपली माणसं परत पाठवली. कपड्याच्या कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलावलं. भेग दोघांनी पाहिली, पण ऐकलं एकानंच.

प्लास्टरची केसासारखी भेग घाबरण्याची नाही. पण कॉलम किंवा बीममधली भेग, दिवसेंदिवस रुंदावणारी तिरपी भेग, छतावर सळईच्या रेषेत उमटलेले तांबूस डाग, पोकळ वाजणारं छत, अचानक अडकू लागलेलं दार, वरून पडणारे खडे, यातलं काही दिसलं तर त्या खोलीत झोपणं बंद करा आणि इंजिनिअरला दाखवा. भेगेच्या टोकाला पेन्सिलनं खूण आणि तारीख लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा. महिन्यानं भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर तोच पुरावा.

शाळेत असं दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून लेखी पत्र द्यावं आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं दुर्घटनेनंतर कोणालाच आठवत नाही. तोवर मुलं त्या खोलीत बसवू नका. मंदिराच्या सभामंडपात, समाजमंदिरात, गरज पडली तर झाडाखाली बसवा.

यंदा घर बांधणाऱ्यांसाठी

सिमेंट पक्क्या पावतीवर घ्या. बॅगेचा आठवडा, वर्ष आणि परवाना नंबर यांचा फोटो काढा. प्रत्येक खेपेची एक रिकामी बॅग माळ्यावर ठेवा, किमान दोन पावसाळे. स्लॅबच्या दिवशी पाणी बादलीनं मोजून टाकायला घरचा माणूस मिक्सरजवळ उभा ठेवा. जमलं तर ठोकळे भरा. पाणी मारण्याचे १४ दिवस कॅलेंडरवर लिहून रोज खूण करा. मिस्त्री बुवा रागावेल, म्हणेल, "तीस वर्षं हेच काम करून राहिलो." रागावू द्या. चहा पाजा, पण पाणी मोजा.

सिमेंट कंपनी, दुकानदार, ठेकेदार किंवा अधिकारी चुकला असेल तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायला हातात काही तरी लागतं. माझ्या हातात काहीच नव्हतं. म्हणून माझ्या छताचा दोषी कोण, हे मला कधीच कळणार नाही. मायची खाट मी दुसऱ्या खोलीत हलवली, टेकू लावला, दिवाळीनंतर दुरुस्ती काढणार आहे. या वेळच्या पहिल्या बॅगेचा फोटो मोबाइलमध्ये राहील आणि रिकामी बॅग माळ्यावर, बियाण्याच्या पिशव्यांशेजारी.